हमालाच्या पाठीवरचा अभ्यास

आमच्या मालकांना वर्षातले आठ महिने हळद लागलेली असायची. लग्न एकदाच झालं, तेही माझ्याशीच. पण हिंगोलीच्या हळद बाजारात पोती उचलणारा माणूस म्हणल्यावर कानामागं, बोटांच्या बेचक्यात, बनियनच्या शिवणीत ती पिवळी धूळ मुरलेलीच असायची. हे आधी सांगायचं कारण, दिवाळी अंकवाल्या ताई मला म्हणाल्या, “इंदूबाई, मानवी शरीराचा अभ्यास तुम्ही घरी बसून कसा केला ते लिहा.” आता खोटं लिहायची माझी हिंमत नाही. मी तो अभ्यास या पिवळ्या पाठीवर केला. रोज दुपारी दोन ते चार, पंख्याखाली, बाजेवर.

माझा धंदा मालिशचा. माहेर जवळा बाजारचं. आई बाळंतिणीचं अंग रगडायची, लेकरांना न्हाऊ घालायची, तिच्याकडून मी शिकले. लग्न होऊन हिंगोलीला आले ते हात घेऊनच आले. धंद्याची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मालिशवाली म्हणली की लोकांना वाटतं, हिनं गावाच्या उघड्या पाठी पाहिल्या असतील. कशाच्या! बाळंतीण चादरीखाली असते. म्हातारी लुगड्याचा पदर सोडत नाही. गडीमाणूस आलाच तर बनियन धरून झोपतो, जसं काही मी बनियन घेऊन पळणार आहे. हात कापडावर किंवा कापडाखाली ठेवायचा आणि डोळे समोरच्या कॅलेंडरवर. तीस वर्षांत मी जितकी कॅलेंडरं वाचली तितकी पुस्तकं वाचली नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे, आमच्या धंद्यात माणूस पालथा. त्याचं तोंड खाली, डोकं पलीकडं, पाठ वर. त्याचा डावा हात तोच माझा डावा हात. हे ध्यानात ठेवा, याच्यावरून पुढं माझी चांगलीच शोभा झाली.

हिंगोलीत एक डॉक्टरीणबाई आल्या, हाडामासाच्या दुखण्याचं थेरपी सेंटर काढलं आणि मला मदतीला ठेवलं. पांढरा कोट दिला. मला तो कोट घालून आरशासमोर तीनदा उभं राहावं लागलं, तेव्हा कुठं खात्री पटली. बाई मशीन लावायच्या, व्यायाम सांगायच्या. अंग मोकळं करायचं काम माझं. गिऱ्हाइकं एकेक नग. एक हवालदार यायचे, गावभर त्यांचा दरारा, आणि पोटरीला हात लावला की लहान लेकरासारखे खिदळायचे. बाहेर बसलेले लोक माझ्याकडं संशयानं बघायचे. एक आजी कंबर दाखवायला येताना स्वेटर, वर शाल, वर अजून एक शाल अशा यायच्या. त्यांची कंबर सापडेपर्यंत वेळ संपायची.

आणि एक होते रिटायर हेडमास्तर. मान आखडलेली. मी मानेवर अंगठा ठेवला की परीक्षा सुरू.

“आत्ता तुमच्या अंगठ्याखाली काय आहे?”

“गोळा हाय सर.”

“गोळा म्हणजे काय? नाव असेल ना त्याला?”

“असंल सर. आमची वळख न्हाई.”

हेडमास्तर टेबलावरून उठले, तसेच आखडलेल्या मानेनं डॉक्टरीणबाईंकडं गेले आणि म्हणाले, जिला शरीराची नावं माहीत नाहीत तिच्या हाती मी मान कशी देऊ? मला राग आला. पण बाई म्हणाल्या, “इंदूबाई, आज ना उद्या हे होणारच होतं. आता सेंटरला सर्टिफिकेट असलेला माणूसच टेबलावर ठेवायला पाहिजे. एक कोर्स आहे, घरी बसून करायचा. शरीररचना आणि शरीरक्रिया. पुस्तक मराठीतून, मोबाईलवर तास, शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक. पास झालात तर टेबल तुमचं. नाही झालात तर...” बाई पुढचं बोलल्या नाहीत. गरम पाण्याच्या पिशव्या भरायच्या रॅककडं त्यांनी नुसतं पाहिलं. मला समजलं. पास झाले तर हात चालतील, नापास झाले तर पिशव्या भरायच्या आणि फरशी पुसायची.

दहावी मी लग्नानंतर बाहेरून काढलेली. तेव्हाची पुस्तकं पातळ होती. हे शरीराचं पुस्तक आलं ते पोस्टमननं दोन हातांनी दिलं. मालकांनी ते तळहातावर तोललं आणि म्हणाले, “दोन किलोच्या वर हाय. उचलून देऊ का आत?”

पहिले पंधरा दिवस मी नुसती रडकुंडीला आले. हाडं दोनशे सहा. एवढी कशाला पाहिजेत म्हणते मी! नुसत्या हाताच्या पंजात सत्तावीस. मनगटातल्या आठ बारक्या हाडांची नावं तर अशी की म्हणताना दात हलतील. मग मी रविवारचं मटण धरलं. ताटात नळी आली की माझा आवाज चढायचा, “थांबा! चोखू नका! आधी बघू द्या.” मालक नळी हातात धरून बिचारे बसून राहायचे. मी पुस्तक उघडून बघायची, हे गोल डोकं कुठं बसतं, खाच कुठं आहे. तोवर रस्सा गार. तीन रविवार त्यांनी सोसलं, चौथ्या रविवारी म्हणाले, “आजपासून वरणभात. मला मेलेल्याचं नाव इचारून जेवायची सवय न्हाई.”

“मंग मी शिकू कशावर?”

“माझ्यावर शिक की. मी काय कमी हाडाचा हाय?”

खरं सांगते, असा देह पुस्तकातसुद्धा नव्हता. पंचवीस वर्षं पोती उचललेली पाठ. मानेपासून खांद्यापर्यंत उतरणारा तो ट्रॅपेझियस नावाचा स्नायू पुस्तकात रेघेनं दाखवला होता, आमच्या घरी तो डोळ्यांनी दिसत होता. दंडावरचा डेल्टॉइड, बगलेपासून कमरेपर्यंत पसरलेला लॅटिसिमस, सगळं जागच्या जागी ठळक. मी म्हणलं, देवा, माझ्या घरात एवढा मोठा तक्ता असून मी भिंतीवर कागदाचा लावत होते.

आधी खडूनं काढून पाहिलं. घामानं जायचा. मग मालकांनीच बाजारातून पोत्यावर नाव टाकायचा काळा मार्कर आणला. बारदानावर टिकतो म्हणजे चांगलाच असणार, असा आमचा दोघांचा हिशेब. मी हनुवटीपासून बेंबीच्या खालपर्यंत हृदय, फुफ्फुसं, जठर, यकृत असं सगळं काढलं, नावं टाकली. छान दिसत होतं. दोन वाजता काढलं, चार वाजता पुसायला बसले. साबण लावला, रॉकेल लावलं, काथ्यानं घासलं. मालक लाल झाले, यकृत काळंच राहिलं.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “सदरा घालतो वरून.”

पण हळदीच्या शेडात उन्हाळ्यात सदरा कोण ठेवतो अंगावर? दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सदरा निघाला आणि सगळा बाजार त्यांच्या पोटाभोवती जमला. लिलाव थांबला म्हणतात. मालक घरी येऊन सांगत होते, “व्यापारी बी वाचून राहिले होते.” त्या गर्दीत आडतीवरचे मुनीमकाका होते. मुनीमकाका म्हणजे देवळाच्या पूजेतलं घराणं, वळणदार अक्षर, सत्तरीला टेकलेले, बोलणं शुद्ध. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ वाचलं, आणि तिथंच स्वतःचा सदरा वर करून उजव्या कुशीतला ऑपरेशनचा लांब व्रण दाखवला. म्हणाले, “किसनराव, घरी सांगा, यकृत इकडे असते. माझे पित्ताचे खडे इथून काढले. तुमचे डाव्या बाजूला कसे गेले?”

मग काय, ज्याच्या त्याच्या अंगावर जो जो व्रण होता तो तो बाहेर निघाला. एकानं अपेंडिक्सचा दाखवला, तोही उजवीकडं. मी तोही डावीकडं काढलेला. एकानं हर्नियाचा दाखवायला सुरुवात केली तेव्हा लोकांनीच त्याला आवरलं.

चूक माझी अशी झाली होती. तक्त्यातला माणूस आपल्याकडं तोंड करून उभा असतो. त्याचा उजवा तो आपला डावा. हे पुस्तकात पहिल्याच पानावर होतं, पण पहिलं पान कोण वाचतं? माझ्या धंद्यात कुणी माझ्याकडं तोंड करून उभा राहिलाच नव्हता कधी. तक्त्यात यकृत माझ्या डाव्या हाताला दिसलं, मी ते मालकांच्या डाव्या हाताला चिकटवलं. हृदय उजवीकडं पाठवलं. आठ दिवस माझा नवरा उलटं काळीज घेऊन पोती वाहत होता.

पण एक झालं. हळद बाजार माझ्या अभ्यासाला लागला. मालकांच्या पाठीवर आज कोणता धडा आहे ते बघायला लोक सकाळी यायचे. हमाल एकमेकांना विचारायचे, “काय रे, डेल्टॉइड दुखून राहिला का?” आणि मालकांना तर अशी अक्कल फुटली की काय सांगू. हृदयाचे चार कप्पे माझ्या डोक्यात काही केल्या बसेनात. अशुद्ध रक्त इकडून येतं, तिकडं जातं, परत येतं, मी चिडून पुस्तक आपटलं. मालक बाजेवर उताणे पडले होते, म्हणाले, “अगं, मार्केट यार्डच हाय हे. रिकाम्या गाड्या उजव्या गेटनं आत. तिथून फुफ्फुसाकडं, माल भरायचा. भरलेल्या गाड्या डाव्या गेटनं परत यार्डात, आन् तिथून गावोगाव.”

“आन् मधी त्या झडपा कशाला?”

“गेटवरचा वॉचमन. गाडी उलटी जाऊ देत न्हाई.”

लेखी पेपरात हृदयाचा प्रश्न आला. मी गाड्या आणि गेट काढून टाकले आणि बाकी सगळं जसंच्या तसं लिहिलं.

एकच गोष्ट मला त्या महिन्यांत चिडवायची. पाठीवर लिहिताना मालक एरवी दगडासारखे पडून राहायचे, पण उजव्या खांद्याच्या मागं, फऱ्याच्या वर मार्कर टेकला की अंग चोरायचे. फरा म्हणजे पाठीवरचं ते त्रिकोणी हाड. त्याच्या वरच्या खोबणीत एक बोटभर स्नायू असतो, सुप्रास्पायनेटस. नाव एवढं मोठं की मला तिथं चार ओळी लागायच्या. पण मी ‘सु’ काढला की हे वळवळायचे.

“काय झालं?”

“गुदगुल्या होतात.”

“पन्नाशी उलटली, गुदगुल्या कसल्या होतात? सरळ झोपा!”

“होतात म्हनलं ना. ती जागा सोड. डाव्या खांद्यावर लिही, दोन्हीकडं सारखंच तर असतंय.”

मला हवालदार आठवायचे आणि मी कपाळाला हात लावायची. असतात असे पुरुष. मी डाव्या खांद्यावर लिहून पुढं जायची.

परीक्षा परगावी, एका कॉलेजात. सकाळी लेखी, दुपारी प्रात्यक्षिक. पत्रात लिहिलं होतं, प्रात्यक्षिकासाठी सोबत एक व्यक्ती आणावी, जिच्या शरीरावर स्नायू आणि हाडं ओळखून दाखवावी लागतील. व्यक्ती ठरलेलीच होती. मी आठ दिवस आधी मार्कर बंद केला. मालकांना रोज उटणं लावून घासलं, पाठ कोरी करकरीत केली. म्हणलं, तिथं जाऊन शोभा नको.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मालक बाजारातून आले ते पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. आंघोळीला पाणी काढलं तर म्हणाले, “आज न्हाई. नवस केलाय. तू पास झाल्यावरच आंघोळ.” मला गहिवरून आलं. माणूस माझ्यासाठी नवस बोलतो म्हणजे काय! मी त्यांना दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. सकाळी एसटीत त्यांच्या अंगाला वास येत होता, तोही मी कौतुकानं सोसला.

लेखी बरी गेली. दुपारी माझा नंबर पुकारला. परीक्षक एकच होते, पिकल्या केसांचे, शिस्तीचे, चष्मा नाकाच्या टोकावर. समोर टेबल. त्यांनी मालकांना सांगितलं, “शर्ट काढा आणि पालथे झोपा.”

मालकांनी माझ्याकडं बघून हळूच डोळा मिचकावला. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा डोळा मिचकावत होता, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. सदरा निघाला, बनियन निघालं.

पाठ वरपासून खालपर्यंत लिहिलेली होती! मुनीमकाकांचं ते वळणदार अक्षर, प्रत्येक नावाखाली रेघ, प्रत्येक स्नायूला बाण. वर मधोमध, मानेखाली, ‘॥ श्री ॥’. आणि कमरेपाशी, नाडीच्या वर, सवयीनं टाकलेलं, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’.

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बाई, ही कॉपी आहे.”

“न्हाई हो सर! मला ठाव बी न्हाई! मी आठ दिवस घासून घासून...” मी मालकांकडं वळले. “काय करून ठेवलंत हे?”

टेबलावर तोंड दाबून मालक म्हणाले, “तुझी सोय व्हावी म्हनून. ऐनवेळी आठवलं न्हाई तर?”

“हाच व्हय तुमचा नवस?”

“आंघोळ केली असती तर पुसलं असतं ना.”

परीक्षकांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. कॉपी सापडली की तो भरायचा असतो. ते वाचायला लागले आणि अडकले. “इथे लिहिलंय, सापडलेली कॉपी जप्त करून अहवालाला जोडावी.” त्यांनी टेबलावरच्या माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. मी पण पाहिलं. मालकांनी मान उचलून विचारलं, “म्हंजे मला हितंच ठिऊन घेता का साहेब?”

परीक्षकांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण आवाज कडकच राहिला. मी हात जोडले. म्हणलं, “सर, माझं तीस वर्षाचं काम हाय. आज नापास झाले तर उद्यापासून पिशव्या भरीन. त्यांचं चुकलं, माझं न्हाई. तुमी कसं बी इचारा, मी सांगते.”

त्यांनी फॉर्म बाजूला सरकवला. मग मालकांना म्हणाले, “शर्ट घाला. बनियन, शर्ट, दोन्ही.” आणि मला, “आता शर्टावरून सांगा. डोळे मिटून. बघू तुम्हाला किती येतं.”

त्यांना वाटलं, अवघड केलं. मी मनात म्हणलं, देव पावला! कापडावर हात आणि डोळे बंद, अहो, सर, हे तर माझं माहेर. कॅलेंडर तेवढं नव्हतं.

ते नाव सांगायचे, मी जागेवर बोट ठेवायची. ते जागा विचारायचे, मी नाव सांगायची. ट्रॅपेझियस कुठून निघतो, कुठं संपतो. लॅटिसिमसची कड. मणके मोजून दाखवले. बोटांना आपसूक सापडत होतं. पुस्तकातलं नाव आणि हाताखालचा गोळा पहिल्यांदा एका जागी आले, आणि मला त्या हेडमास्तरांना तिथं बोलावून घ्यावंसं वाटलं. परीक्षक पेनानं टिक करत चाललेत ते ऐकू येत होतं.

“सुप्रास्पायनेटस. दोन्ही बाजूंचा.”

डाव्या फऱ्याच्या वरच्या खोबणीत बोटं ठेवली. भरलेला, टणक. “हा सर.” मग उजवीकडं ठेवली, आणि बोटं आत गेली.

वरून ट्रॅपेझियसचा थर होता, म्हणून डोळ्याला कधी दिसलं नसतं. त्याच्याखाली जिथं बोटभर मांस पाहिजे तिथं खळगा होता. मी परत डावीकडं चाचपलं, परत उजवीकडं. मालकांचं अंग बोटाखाली ताठ झालं, श्वास अडकला. तेच वळवळणं. मी बोट उचललं.

“बाई? आठवत नाही का?”

“डावीकडं हाय सर,” मी म्हणलं. “उजवीकडं न्हाई.”

“नाही म्हणजे? सगळ्यांना दोन्हीकडे असतो.”

“सगळ्यांला असंल. ह्यांला न्हाई. वाळून गेलाय.”

परीक्षक उठून आले. त्यांनी स्वतः हात लावला, मालक कण्हले. त्यांनी मालकांना उभं केलं आणि दोन्ही हात बाजूनं वर उचलायला सांगितले. डावा सरळ कानाला लागला. उजवा कमरेपासून थोडा निघाला, खांदा वर चढला, आणि हात तिथंच थरथरत थांबला. पंचवीस वर्षं या माणसानं पोती उचलली आणि आता त्याला स्वतःचा रिकामा हात उचलता येत नव्हता.

“शर्ट काढा परत,” परीक्षक म्हणाले, यावेळी हळू.

तेव्हा मी पाठ नीट पाहिली. सगळ्या पाठीवर मुनीमकाकांनी नावं लिहिली होती, कुठं बोट टेकवायला जागा नव्हती. फक्त उजव्या फऱ्याच्या वरची तेवढी चार बोटं जागा कोरी होती.

“इथं काहून न्हाई लिहिलं?” मी विचारलं.

“मीच नको म्हनलो काकांला. पेन टेकला की जीव जातोय.”

“मला तर गुदगुल्या सांगितल्या!”

ते खाली बघत राहिले.

“कवापासून हाय हे?”

“दोन साल झाले असतील. पोतं घसरलं होतं. तवापासून डाव्या खांद्यावरच घेतो.”

“आन् मला सांगायला तोंड शिवलं होतं का?”

“सांगणारच होतो. तुझं टेबल एकदा पक्कं झालं की. दोघं बी एकदम घरी बसलो असतो तर कसं झालं असतं? म्हनून म्हनलं, तू पास व्हायलाच पायजे.” त्यांनी पाठीवरच्या लिहिण्याकडं अंगठा केला. “म्हनून तर हे.”

मी रडले. परीक्षा हॉलमध्ये, पांढऱ्या कोटात, पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडले. दु:खानं कमी आणि स्वतःवरच्या रागानं जास्त. सबंध हिंगोलीचे खांदे मी दाबले, हवालदाराची पोटरी दाबली, हेडमास्तरांची मान दाबली. नवऱ्याच्या पाठीवर महिनोन्‌महिने नावं लिहिली, खोडली, परत लिहिली. एकदाही हात ठेवून दाबलं नाही. त्याला तकलीफ होऊन राहिली होती आणि मी त्याला ‘सरळ झोपा’ म्हणून दरडावत होते.

परीक्षकांनी मला पाणी दिलं. मग खुर्चीत बसले, फॉर्म ड्रॉवरमध्ये परत ठेवला आणि खाकरले. “रडून झालं की शेवटचा प्रश्न. या स्नायूचं काम काय?”

“हात अंगापासून उचलायला सुरुवात करून देतो सर.”

“आणि तो निकामी झाला तर माणूस काय करतो?”

मी नाक पुसलं. “वझं दुसऱ्या खांद्यावर घेतो सर. आन् घरी गुदगुल्या सांगतो.”

त्यांनी ते पुस्तकातलं उत्तर नसतानाही टिक केली. पेनाचा आवाज मी ऐकला.

पास झाले. टेबल माझं झालं. हेडमास्तर पुन्हा आले, तेव्हा मी त्यांना अंगठ्याखालच्या प्रत्येक गोळ्याचं नाव सांगितलं, एवढं की दहा मिनिटांत ते म्हणाले, “बाई, आता नुसतं दाबा.” मालकांनी त्याच आठवड्यात पोती सोडली. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून सांगितलं, स्नायू हाडाला बांधणारी शीर जुनी तुटलेली आहे, पुरती भरून यायची नाही, पण बाकीच्या स्नायूंना शिकवलं तर हात वर जाईल. आता मालक सेंटरच्या दाराशी बसतात, नंबर लावतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला हृदयातलं मार्केट यार्ड समजावून सांगतात. मुनीमकाका गुडघ्यासाठी येतात, तेव्हा दोघं मिळून माझ्या पेशंटांना यकृत कोणत्या बाजूला असतं ते व्रण दाखवून शिकवतात. मी दोघांनाही आवरते.

दुपारी दोनला टेबल रिकामं असतं. ती वेळ मालकांची. मार्कर नाही, नुसते हात. आधी हळूहळू दाबायचं, मग दोरी धरून व्यायाम. परवा उजव्या फऱ्याच्या वर बोटं ठेवली आणि हे एकदम हसले.

“काय झालं?”

“गुदगुल्या.”

मी हात काढला. “उठा. आधी दोन्ही हात वर करा.”

“अगं, आता खऱ्याच झाल्या.”

“करा म्हनते ना.”

ते टेबलावर उठून बसले. डावा हात कानाला लागला. उजवा निघाला, खांद्याच्या वर गेला, थोडा थरथरला, आणि कानाच्या दोन बोटं अलीकडं जाऊन थांबला. मी तिथं बोट लावून पाहिलं. गेल्या महिन्यात चार बोटं अंतर होतं.

“हां,” मी म्हणलं, “आता हसा.”